संतमस : एका परग्रहाच्या नावाचे परीक्षण

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी आत्या करते; दुसरे टीकाकार आयुष्यभर करीत असतो. ही दोन कामे परस्परविरोधी आहेत असा सर्वसाधारण समज असला, तरी आमच्या मते तो बरोबर नाही. ज्या नावाकडे कोणी चिकित्सेच्या दृष्टीने पाहिलेच नाही, ते नाव पाटीवर रंगविलेल्या अक्षरांपलीकडे जात नाही. आणि ज्या नावाचा अर्थ, इतिहास व औचित्य यांचा कोणी कसून विचार केला, ते खऱ्या अर्थाने भाषेत रूढ होते. याच भूमिकेवरून आम्ही आज एका नावाचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. हे नाव एकाच शब्दाचे आहे. ग्रंथ हजार पृष्ठांचा असो की शब्द चार अक्षरांचा असो, त्यात कल्पनेने काही रचले असेल तर तो टीकेचा विषय होऊ शकतो, हे बहुधा कोणी अमान्य करणार नाही.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची स्थापना 1919 साली झाली. 2019 साली आपल्या शताब्दीनिमित्त या संघाने एक उपक्रम केला. शंभराहून अधिक देशांना प्रत्येकी एक तारा व त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह नेमून देण्यात आला आणि त्या दोहोंची नावे त्या त्या देशातील लोकांनी सुचवावीत असे ठरले. भारताच्या वाट्यास एचडी 86081 या क्रमांकाचा तारा आला. मघेच्या दक्षिणेस सेक्स्टन्स नावाचा एक अगदी मंद तारकासमूह आहे, त्यात हा तारा आहे. त्याचे अंतर सुमारे 340 प्रकाशवर्षे. म्हणजे त्याचा जो प्रकाश आज पृथ्वीवर पोहोचतो, तो साधारणतः संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत तेथून निघालेला असतो. ताऱ्यास ‘बिभा’ हे नाव मिळाले आणि ग्रहास ‘संतमस’. पैकी ‘संतमस’ हे नाव ठाण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविलेले होते. संस्कृतात या शब्दाचा अर्थ ‘मेघाच्छादित’ असा असून त्या ग्रहाच्या ढगाळ वातावरणाकडे हे नाव निर्देश करते, असे त्याचे स्पष्टीकरण त्या वेळी प्रसिद्ध झाले.

कुर्ल्यास राहणाऱ्या वाचकास ही हकीकत परक्या देशातील वाटण्याचे कारण नाही. ठाणे ही मुख्य मार्गावरील अर्ध्या तासाची वाट. हार्बर मार्गाने एक स्थानक दक्षिणेकडे गेले की चुनाभट्टीस मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. त्याच मार्गाने उलट दिशेस मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान मराठीतून कसे बोलावे आणि मुलांस कसे शिकवावे, या प्रश्नांवर अनेक वर्षे विचार करणाऱ्या दोन संस्था कुर्ल्याच्या दोन बाजूंस आहेत. तेव्हा या एका शब्दाने मांडलेला प्रश्न कोठे सोडवावयाचा असेल, तर तो याच परिसरात सोडविणे योग्य होईल.

प्रश्न असा : जे कोणी पाहिलेले नाही आणि जेथे कोणी जाणार नाही, अशा स्थळाचे वर्णन करताना कल्पनेने किती मोकळीक घ्यावी ? ‘संतमस’ हे वरवर पाहता नाव असले, तरी वस्तुतः ते वर्णन आहे. एका दूरस्थ ग्रहाच्या वातावरणाचे एका शब्दात रेखाटलेले ते कल्पनाचित्र आहे. दीर्घ विज्ञानकथेस जो न्याय लागू, तोच येथेही लागू झाला पाहिजे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘तमस्’ हे नाम मिळून हा समास झाला आहे. अव, सम् आणि अंध यांच्या पुढे ‘तमस्’ आल्यास समासाच्या शेवटी ‘अ’ लागून अवतमस, संतमस व अंधतमस ही रूपे सिद्ध होतात, असा पाणिनीचा नियम आहे. अमरकोशकाराने या तिन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांपासून काळजीपूर्वक वेगळे केले आहेत. गाढ अंधार तो अंधतमस; क्षीण झालेला, विरत चाललेला अंधार तो अवतमस; आणि चोहोंकडे पसरलेला, सर्वव्यापी अंधार तो संतमस. अंधाराच्या घनतेचा आणि विस्ताराचा असा स्वतंत्र विचार करणारी भाषा किती सूक्ष्मदर्शी असली पाहिजे ! तथापि या तिहींत ढग कोठेही नाही. मेघाच्छादित या अर्थी संस्कृतास अभ्र, मेघ व घन यांपासून झालेले कितीतरी शब्द उपलब्ध होते. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर ‘मळभ’, ‘झाकोळ’, ‘सावट’ असे घरगुती शब्द आपल्या नित्य वापरात आहेत. तेव्हा ‘संतमस म्हणजे मेघाच्छादित’ हे स्पष्टीकरण कोशाच्या कसोटीस पुरते उतरत नाही. आकाश ढगांनी भरले की चोहोंकडे अंधारून येते, म्हणून कार्यावरून कारण सूचित केले, असे त्याचे लक्षणेने समर्थन करता येईल. परंतु ते समर्थन होय, वाच्यार्थ नव्हे. शब्द एक सांगतो आणि त्यास चिकटविलेली चिठ्ठी दुसरेच सांगते. या दोहोंत कोण बरोबर, हे ठरविण्यासाठी प्रत्यक्ष ग्रहाकडे वळणे भाग आहे.

ग्रहाविषयी जे निश्चित ठाऊक आहे, ते थोडक्यात सांगता येते. त्याचा शोध 2006 साली लागला, तो ताऱ्याच्या डोलण्यावरून. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही किंचित पुढेमागे हलतो आणि त्या हालचालीमुळे त्याच्या वर्णपटातील रेषा अल्पशा सरकतात. त्या सरकण्यावरून ग्रहाचे अस्तित्व व त्याचा काल कळतो. संतमसाचे वर्ष आपल्या सुमारे 51 तासांचे आहे. त्याचे वस्तुमान निदान गुरूच्या दीडपट असले पाहिजे. ‘निदान’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण कक्षेचा कल ठाऊक नसल्यामुळे वरची मर्यादा या पद्धतीने ठरत नाही. ताऱ्यापासून त्याचे अंतर सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतराच्या पंचविसाव्या ते तिसाव्या हिश्श्याइतके अल्प आहे. आणि तारा आपल्या सूर्याहून किंचित अधिक तप्त आहे. यावरून गणित केल्यास ग्रहाचे तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास येते. एवढ्या उष्णतेत लोखंडही वितळण्याच्या बेतात असते.

आणि वातावरण ? त्याविषयी प्रत्यक्ष निरीक्षणाचा पुरावा नाही. दूरच्या ग्रहाचे वातावरण वाचण्याची जी मुख्य रीत आहे, तीत ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यासमोरून जावा लागतो. त्या वेळी ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेवरील वायूच्या पातळ कड्यातून गाळून येतो आणि त्यातील ज्या रंगांची उणीव दिसते, त्यांवरून वायूंची ओळख पटते. 1999 साली एचडी 209458 या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना प्रथम दिसला आणि थोड्याच वर्षांत त्या ग्रहाच्या वातावरणात सोडियम सापडला. 2022 साली जेम्स वेब दुर्बिणीने वॅस्प-39बी या ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड निःसंशयपणे दाखविला. परंतु संतमस आपल्या ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही. त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेस तिरपी असावी. त्यामुळे त्याचा व्याससुद्धा मोजता आलेला नाही, मग ढगांची गोष्ट कशास ! याचा अर्थ असा, की ‘ढगाळ वातावरण’ हे निरीक्षण नसून भावंडांवरून काढलेले अनुमान आहे. अशा तप्त, महाकाय, ताऱ्यास लगटून फिरणाऱ्या ग्रहांचे एक कुळच आता ठाऊक झाले आहे, आणि त्या कुळावरून या व्यक्तीचे चित्र रेखाटलेले आहे.

अनुमानावरून चित्र रेखाटण्यास आमची हरकत नाही. कल्पनेचा व्यवसायच तो. प्रश्न एवढाच, की कुळाची लक्षणे काय सांगतात ? येथे एक मोठी गंमत आहे. वर्षाकाळी कुर्ल्याच्या गच्चीवरून रात्री आकाश पाहणाऱ्या कोणासही एक अनुभव आला असेल. आकाश निरभ्र असेल तर ते त्यातल्या त्यात काळे दिसते; आणि ढगांनी भरून आले, की शहरातील दिव्यांचा उजेड ढगांच्या तळावर पडून सारे आभाळ पिवळट, राखी असे उजळून निघते. ढग प्रकाश गिळत नाही, तो परतवितो. दिवसा ढगाखाली आपणांस काळोखी वाटते, कारण आपण त्याच्या सावलीत उभे असतो. परंतु त्याच वेळी कुर्ल्याच्या छपरांवरून विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानातील प्रवाशाने, ढगात शिरण्यापूर्वी, खाली पाहिलेले असते ते कापसासारखे शुभ्र, डोळे दिपविणारे पठार. म्हणजे ढग काळा की पांढरा, हे ढगावर अवलंबून नसून पाहणारा वर आहे की खाली, यावर अवलंबून आहे.

खगोलशास्त्रज्ञ नेहमी वरच असतो. परग्रहाचा ढग त्यास दिसतो तो बाहेरून, आणि म्हणून ढगाळ ग्रह त्याच्या हिशेबी उजळ असतो. याचा पुरावाही आहे. केप्लर-7बी या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूवर एका भागात ढग असल्याचे 2013 साली दाखविण्यात आले आणि तो ग्रह आपल्या कुळात लक्षणीय उजळ आहे. उलट ट्रेस-2बी हा याच कुळातील ग्रह त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शंभरावा हिस्साही परत करीत नाही, असे 2011 साली दिसून आले. कोळशाहून काळा अशी त्याची तेव्हा प्रसिद्धी झाली. त्याच्या काळेपणाचे कारण काय सांगतात ? तर उजळ परावर्तन करणारे ढग नसणे, आणि प्रकाश शोषून घेणारे सोडियम-पोटॅशियमसारखे पदार्थ वातावरणात वाफरूपाने असणे. तेव्हा ग्रह ढगाळ असेल तर तो ‘संतमस’ नव्हे, आणि तो ‘संतमस’ असेल तर बहुधा ढगाळ नव्हे, अशी कोंडी निर्माण होते. नाव आणि नावाचे स्पष्टीकरण हे दोन्ही एकाच वेळी दिवसाच्या बाजूस खरे ठरणे कठीण आहे.

‘दिवसाच्या बाजूस’ असे आम्ही मुद्दाम म्हटले. ताऱ्यास इतका जवळ असलेला ग्रह भरतीओहोटीच्या ओढीने असा जखडला जातो, की त्याचे एक तोंड सदैव ताऱ्याकडे व दुसरे सदैव विन्मुख राहते, असे सिद्धांत सांगतो. एका गोलार्धावर न मावळणारा दिवस आणि दुसऱ्यावर न उजाडणारी रात्र. आता त्या रात्रीचे काय ? वॅस्प-43बी नावाच्या याच कुळातील ग्रहाचे तापमान जेम्स वेब दुर्बिणीने दोन्ही बाजूंस मोजले; 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार दिवसाच्या बाजूस सुमारे 1250 अंश सेल्सियस, तर रात्रीच्या बाजूस सुमारे 600 अंश आढळले, आणि रात्रीची बाजू इतकी थंड दिसते याचे कारण तेथील उंच, दाट ढग खालची उष्णता बाहेर येऊ देत नाहीत असे अनुमान निघाले. संतमसही या भावंडासारखा असेल, तर त्याच्या रात्रीच्या गोलार्धावर शब्द आणि चिठ्ठी यांची अकस्मात गाठ पडते. तेथे ढगही असतील आणि चोहोंकडे अंधारही असेल. आणि तो अंधार ढगामुळे नसून ताऱ्याकडे पाठ असल्यामुळे असेल. ठाण्याच्या त्या विद्यार्थ्याने दिलेले नाव अर्ध्या ग्रहावर सपशेल चुकते आणि उरलेल्या अर्ध्यावर दोन्ही अर्थांनी खरे होण्याचा संभव आहे. अनेक प्रौढ कवींच्या उपमा याहून कमी प्रमाणात खऱ्या ठरल्या आहेत.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की शाळकरी मुलाने उत्साहाने सुचविलेल्या एका शब्दावर एवढे शास्त्र कशासाठी पाजळावे ? कौतुक करून मोकळे व्हावे. आम्ही असे विचारतो, की कौतुकासाठी तरी शब्द नीट समजून घ्यावयास नको काय ? मुलाच्या कल्पनेस गंभीरपणे तपासणे हाच तिचा सर्वांत मोठा सन्मान होय. दुसरे असे, की ढगावरून जग रचण्याच्या मोहास भल्याभल्या पंडितांनी बळी पडून दाखविले आहे. शुक्राचे उदाहरण घ्या. शुक्राभोवती अखंड ढग आहेत, हे दुर्बिणीतून दिसत होते. ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे चिखल व दाट वनस्पती, अशी पायरीपायरीने कल्पना चढत गेली. आणि स्वान्त अऱ्हेनियस यांच्यासारख्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रसायनशास्त्रज्ञाने 1918 च्या सुमारास शुक्र हा ओलाचिंब, दलदलीचा ग्रह असल्याचे चित्र रंगविले. पुढे कित्येक वर्षे कथाकारांनी त्या दलदलीत आपले नायक उतरविले. 1962 साली मरिनर-2 यान शुक्राजवळून गेले आणि तेथील भयंकर उष्णतेची खात्री पटली. 1970 साली व्हेनेरा-7 प्रत्यक्ष पृष्ठभागावर उतरले. पृष्ठभाग सुमारे 460 अंश सेल्सियस तापलेला, हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि ढग पाण्याचे नसून गंधकाम्लाचे निघाले. अऱ्हेनियस यांची चूक ढग पाहण्यात नव्हती. आपल्या ओळखीचा ढग तेथे पाहण्यात होती. प्रत्येक ढगात माणूस स्वतःच्या गावाचा पाऊस पाहतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला व मिठीचे पाणी कुर्ल्यातील घरांत शिरले, तो दिवस ज्याने भोगला, त्याच्या कल्पनेतील ‘मेघाच्छादित’ ग्रह आणि दुष्काळी माणदेशातील शेतकऱ्याच्या कल्पनेतील ‘मेघाच्छादित’ ग्रह एक कसे असतील ?

हाच मोह आजही सुटलेला नाही. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या सहा हजारांहून अधिक ग्रहांची नोंद आतापर्यंत झाली आहे. आणि त्यांतील एखाद्याची वार्ता आली, की तिच्याबरोबर निळ्या समुद्राचे, तांबूस आकाशाचे एखादे सुबक चित्र छापून येते. 2025 साली के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर सागरी जीवांपासून निर्माण होणाऱ्या एका वायूच्या खुणा आढळल्याचे जाहीर झाले. मूळ संशोधकांनी आपला पुरावा निर्णायक नसल्याचे सांगितले होते. इतरांनी त्याच निरीक्षणांची पुन्हा छाननी केली तेव्हा तो अधिकच दुबळा ठरला. पण तोपर्यंत वाचकांच्या मनात तेथे समुद्र भरून राहिला होता. चित्र निघून जात नाही. शंका मात्र सहज निघून जाते. टीकाकाराने नावे ठेवावयाची ती येथे.

मराठी वाङ्मयापुढे या बाबतीत दोन चांगले आदर्श आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक एकोणिसाव्या शतकातले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. आकाशाचे शास्त्र मौजेच्या रूपाने सांगता येते, आणि मौजेसाठी शास्त्र सोडावे लागत नाही, हा विश्वास त्या नावातच आहे. दुसरा आदर्श डॉ. जयंत नारळीकर यांचा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेस त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने आपले मोठे नाव बाजूस ठेवून कथा केवळ कथा म्हणून परीक्षकांपुढे ठेवावी, यात एक नैतिक धडा आहे. नाव झाकल्यावरही जे टिकते, ते वाङ्मय. 2025 साली नारळीकर निवर्तले. त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकांस दूरच्या ग्रहांविषयी लिहिण्याइतकी सामग्री पूर्वी कधी उपलब्ध नव्हती. आणि तरीही आपल्याकडील सामान्य परग्रहकथेत ग्रह उतरण्यापुरता असतो, वातावरण शिरस्त्राण काढता येण्यापुरते असते, आणि पुढे सर्व व्यवहार पृथ्वीवरच्या एखाद्या वसाहतीत चालावा तसा चालतो. वातावरण हेच ज्या स्थळाचे सर्वस्व आहे, त्याच्या कथेत वातावरणास पात्राची योग्यता कोणी दिली आहे, असे फारसे आढळत नाही.

दिली तर काय होईल ? उदाहरणादाखल संतमसाचेच घेऊ. तेथे जमीन नाही. म्हणून क्षितिज नाही, पाऊल टेकणे नाही, घर नाही. तेथे खाली जाणे म्हणजे अधिकाधिक दाट व अधिकाधिक तप्त होत जाणाऱ्या वायूत बुडत जाणे. सूर्योदय होत नाही. ज्यास पहाट पाहावयाची असेल त्याने स्वतःच रात्रीच्या सीमेवरून दिवसाकडे गेले पाहिजे. वारा दिवसाकडची धग घेऊन प्रचंड वेगाने रात्रीकडे धावत असेल, आणि तेथे थंडावताना त्या वाफेतून पाण्याचे नव्हेत, तर वाळूच्या घटकांचे आणि धातूंचे कण घट्ट होत असतील. अशाच एका अधिक तप्त ग्रहावर, वॅस्प-76बीवर, दिवसाकडे वाफ झालेले लोखंड रात्रीकडे जाऊन द्रवरूप होत असावे, असे 2020 साली निरीक्षणांवरून सांगण्यात आले. इतकेही करून तो पूर्ण काळा नसेल. एवढ्या तापलेल्या वस्तूस स्वतःची निखाऱ्यासारखी मंद लाली असते. या परिच्छेदातील ‘असेल’ या क्रियापदाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विज्ञानकल्पनेची सारी नीती या एका रूपात साठविलेली आहे. ‘आहे’ कोठे म्हणावे आणि ‘असेल’ कोठे म्हणावे हे ज्यास कळले, तो लेखक कितीही दूर गेला तरी वाट चुकणार नाही. मराठीने हे रूप दिलेले असता त्याचा कंटाळा करून सर्वत्र ‘आहे’ लिहिणे, ही केवळ शास्त्राची चूक नव्हे, भाषेचीही हेळसांड आहे.

आता नावाची दुसरी बाजू. ‘संतमस’ एकटे नाही. ते ‘बिभा’च्या जोडीने आलेले आहे. बिभा चौधरी (1913–1991) या पदार्थवैज्ञानिक. देबेंद्रमोहन बसू यांच्यासमवेत कलकत्त्यास त्यांनी छायाचित्रणाच्या काचांवर विश्वकिरणांच्या कणांचे माग टिपले आणि ते काम 1940 नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. युद्धकाळात अधिक चांगल्या काचा त्यांस मिळू शकल्या नाहीत. त्याच जातीच्या पद्धतीने पुढे इंग्लंडात सेसिल पॉवेल यांनी पाय-मेसॉन हा कण निश्चित केला आणि 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. बिभा चौधरी 1949 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या; तेथील त्या पहिल्या स्त्री-संशोधक. हयातीत त्यांच्या वाट्यास मोठा मानसन्मान आला नाही. बंगालीत ‘बिभा’ म्हणजे प्रकाशाची तेजस्वी शलाका. ज्या बाईंनी काचेवरील काळ्या ठिपक्यांच्या रांगांतून अदृश्य कणांची वाट शोधली, त्यांचे नाव ताऱ्यास आणि सर्वव्यापी अंधाराचे नाव त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहास, ही जोडी हेतुपुरस्सर साधलेली असो वा नसो, वाचताना ती कवितेसारखी जुळते. येथे ‘मेघाच्छादित’ हा अर्थ अगदीच फिका पडतो. ‘चोहोंकडला अंधार’ हाच अर्थ शोभतो. प्रकाशाचा प्रतियोगी ढग नव्हे, तम होय.

आमचा निर्णय यावरून स्पष्ट व्हावा. ‘संतमस’ हे नाव उत्तम आहे. त्याचे प्रसिद्ध झालेले स्पष्टीकरण मात्र दुर्बळ आहे. ग्रहाच्या वातावरणाचे वर्णन म्हणून ते अर्धे खरे असू शकेल. परंतु त्या शब्दात एक तिसरा अर्थ आहे आणि तो आजमितीस पूर्ण खरा आहे. चोहोंकडे पसरलेला अंधार त्या ग्रहावर असो वा नसो, त्या ग्रहाविषयीच्या आपल्या ज्ञानाभोवती तो निश्चित आहे. त्याचा व्यास ठाऊक नाही, रंग ठाऊक नाही, वायू ठाऊक नाहीत. ठाऊक आहे ते ताऱ्याचे 51 तासांनी पुनःपुन्हा होणारे बारीकसे डोलणे. अज्ञानास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे ही विज्ञानाची पहिली पायरी असेल, तर ती पायरी या नावाने, कदाचित नकळत, चढलेली आहे.

हा अंधार कायमचा आहे असेही नाही. ताऱ्यासमोरून न जाणाऱ्या टाऊ बूटिस-बी या ग्रहाच्या वातावरणातील कार्बन मोनॉक्साइडची खूण 2012 साली, ताऱ्याच्या व ग्रहाच्या प्रकाशातील वेगाचा फरक ओळखून, वेगळी काढता आली. तीच रीत एखाद्या दिवशी संतमसासही लागू होईल आणि त्याच्या वायूंची पहिली यादी हाती येईल. त्या दिवशी हे नाव खोटे ठरले, तरी बदलावे लागणार नाही. काळ्या मुलीचे नाव गौरी असते आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही. पण तो दिवस येण्यापूर्वी या ग्रहाविषयी ‘असेल’ म्हणून जे लिहिता येते, ते मराठीत कोणी तरी लिहून ठेवावे. कोणती कल्पना कोठे चुकली आणि कोठे खरी ठरली, हे ज्या वाङ्मयात नंतर ताडून पाहता येते, तेच वाङ्मय विज्ञानाच्या पंक्तीस बसण्यास पात्र होते. नाव ठेवून झाले आहे. आता कथा लिहिली पाहिजे. नावे ठेवण्यास आम्ही आहोतच.